गावच्या घरात नवं बाथरूम: नळकामाला हात कुठून घालायचा

बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा टाइल्सच्या दुकानात जातो. रत्नागिरी असो, कुडाळ असो नाहीतर माणगाव, दुकानदार चहा मागवतो, कॅटलॉग उघडतो, आणि दोन तासांत भिंतीचा रंग, शॉवरचा आकार, आरशाची चौकट सगळं ठरून जातं. पाणी येणार कुठून आणि जाणार कुठं, हे कुणीच विचारत नाही. आमच्याकडचे जुने गवंडी मात्र बोलणी करायला बसले की पहिल्यांदा तेच विचारतात, "पाणी खंय जातला, ता आधी सांगा." इथंही तोच क्रम धरला आहे. आधी जाणारं पाणी, मग येणारं, आणि टाइल्स सगळ्यांत शेवटी.

काम तुम्ही स्वतः करणार नाही, प्लंबर करणार, हे धरून चाललो आहे. पण शेजारी उभं राहून काय चाललंय ते कळलं पाहिजे, आणि चुकत असेल तर भिंत लिंपण्याआधी थांबवता आलं पाहिजे.

काम कधी काढायचं

दिवाळी झाली की. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत सोयीचा. जमीन खणण्याजोगी कोरडी झालेली असते आणि विहिरीला पाणीही असतं, जे क्युरिंगला आणि पाइप तपासायला लागतंच. शिमग्यात पालखी बाहेर पडली की कारागीर हाताला लागत नाही. एप्रिल-मे म्हणजे आंबा, काजू आणि लग्नं, त्यात विहिरी तळाला गेलेल्या. मग आगोटीची घाई, आणि जूनमध्ये पाऊस. कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. जुलैत शोषखड्डा, म्हणजे सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, खणायला घेतला तर तो संध्याकाळपर्यंत तळं होतो. तरी दरवर्षी "गणपतीच्या आधी तेवढं उरकून टाकू" म्हणणारे भेटतातच.

पावसाळ्यात करण्यासारखं एक काम मात्र आहे, ते म्हणजे बघणं. शोषखड्डा जिथं करायचा मनात आहे तिथं जुलै-ऑगस्टमध्ये पाणी किती वर येतं, परसातून कुठल्या बाजूला वाहतं, हे पाहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जानेवारीत त्याच जागी उभं राहिलात तर यातलं काही दिसणार नाही.

एका बाथरूमला तीन ते चार आठवडे धरा. हाताचं काम त्यापेक्षा कमी दिवसांचं असतं. बाकीचा वेळ वाळण्यात, मुरण्यात आणि तपासण्यात जातो. तो वाचवायला जाऊ नका.

जाणारं पाणी

संडासाचं पाणी आणि न्हाणीचं पाणी वेगळं ठेवा. जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसातल्या केळीला, अळवाला, माडाला जायचं. ती रीत चांगलीच होती, आणि नव्या बाथरूममध्येही ती मोडायचं कारण नाही. सेप्टिक टँकमध्ये फक्त कमोडचं पाणी जाऊ द्या. आंघोळीचं आणि कपड्यांचं बादल्या-बादल्यांनी जाणारं पाणी त्यात सोडलं, तर मैला तळाला बसायच्या आधीच पुढं ढकलला जातो आणि शोषखड्डा बुजत जातो. न्हाणी आणि बेसिनचं पाणी बाहेर एका गली ट्रॅपमध्ये, म्हणजे तळाशी पाणी धरून वास अडवणाऱ्या छोट्या कुंडीत घ्या, त्यावर केस आणि साबणाचे तुकडे अडवणारी जाळी ठेवा, आणि तिथून आळ्यात सोडा. एकाच जागी साचू देऊ नका, दोन-तीन आळी बदलत राहा, नाहीतर डास होतात.

सेप्टिक टँक जुनाच वापरायचा असेल तर झाकण उघडून, गाळ उपसून घेऊन मगच ठरवा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून बघू नका, आणि आत कुणालाही उतरवू नका. त्या वायूनं माणसं मेली आहेत. उपसायला सक्शनची गाडी बोलवायची.

नवा करायचा असेल तर मापाचा प्रश्न येतो. आय.एस. २४७० या मानकात पाच माणसांच्या घराला साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असं किमान माप धरलं आहे. पण कोकणातल्या घराचं माप पाच माणसांनी ठरत नाही. वर्षभर आजी-आजोबा दोघंच असतात आणि गणपतीत त्याच घरात पंचवीस माणसं उतरतात, तीही नेमकी भर पावसात, जमीन पाणी प्यायला तयार नसताना. म्हणून टँक गणपतीतली माणसं मोजून बांधा. बांधकामात दोन कप्पे, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला टी, आणि हवेचा पाइप छपराच्या वरपर्यंत नेलेला, एवढं बघा. त्या पाइपच्या टोपीला बारीक जाळी बांधायला विसरू नका, टँकमधल्या डासांची बाहेर यायची वाट तीच असते.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, असं तेच मानक सांगतं. जांभ्याच्या जमिनीत मी याहून लांबच सांगेन. जांभा भोकाभोकांचा असतो, त्यात भेगा असतात, आणि पाणी मातीतून गाळून जाण्याऐवजी त्या भेगांतून सरळ वाट काढतं. खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्या, चढाला कधीच नको. आणि विहीर मोजताना शेजाऱ्याचीही मोजा. वाडीतली अर्धी भांडणं इथून सुरू होतात. खाडीकाठी जिथं पावसात हातभर खणलं तरी पाणी लागतं, तिथं खोल खड्ड्याचा उपयोग नाही. तिथं जमिनीवर भराव घालून उंच जागा करावी लागते, आणि त्यासाठी बाथरूमचं जोतंही वर घ्यावं लागतं. म्हणूनच हा विचार आधी.

चिपळूण, महाड, खेड, राजापूर अशा पुराच्या गावांत आणखी एक गोष्ट हवी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते सगळ्यांना आठवतं. पूर येतो तेव्हा बाहेरचं पाणी पाइपातून उलटं चढतं आणि कमोडमधून, न्हाणीच्या ट्रॅपमधून घाण घरात येते. शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा फ्लॅप व्हॉल्व्ह बसवा. पूर भिंतीइतका आला तर तो काही वाचवणार नाही, पण चेंबरपुरतंच पाणी चढलं तर घरात घाण येणार नाही. तो दर वर्षी मे महिन्यात उघडून साफ करावा लागतो, कचरा अडकला की उघडाच राहतो.

पाइप, उतार आणि ट्रॅप

सांडपाण्याला राखाडी रंगाचा एस.डब्ल्यू.आर. पाइप घ्या, त्यावर आय.एस. १३५९२ छापलेलं असतं. कमोडला ११० मिलिमीटर, न्हाणीला ७५. उतार मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर. "जास्त उतार दिला तर बरं" असं वाटतं, पण तसं नाही. फार उतारावर पाणी पळून जातं आणि मैला मागं राहतो. गवंड्याला पाणसळ लावायला सांगा, डोळ्यांनी उतार ठरवू देऊ नका. वळणावर एकदम काटकोनी एल्बो नको, ४५ अंशांचे दोन बेंड जोडायचे, आणि दार असलेला बेंड अशा जागी हवा की उद्या तुंबलं तर फरशी न फोडता हात पोचेल. चरात आधी वाळूची गादी करा. चिऱ्याच्या कपच्यांवर पाइप टेकला तर माती बसताना तिथंच तो फुटतो. चर बुजवायच्या आधी टोक बंद करून पाइप पाण्यानं भरा आणि रात्रभर ठेवा.

जुन्या न्हाणीत पाणी जायला भिंतीत सरळ भोक असायचं. त्यातून बेडूक यायचे, घुशी यायच्या, आणि बेडकांच्या मागं कधी कधी साप. नहाणी ट्रॅप बसवला की हे थांबतं, कारण त्यात साधारण पाच सेंटिमीटर पाणी कायम उभं राहतं. तेवढंच पाणी गटाराचा वास, झुरळं आणि डास अडवतं. ट्रॅप घेताना हे उभं पाणी किती राहतं ते दुकानातच पाणी ओतून बघा. स्वस्तातल्या काही ट्रॅपमध्ये ते बोटभरही नसतं. कमोडचा उभा पाइप वरून उघडा नसेल, म्हणजे त्याला हवा नसेल, तर एक फ्लश केला की न्हाणीच्या ट्रॅपातलं पाणी खेचलं जातं आणि घुरघुर आवाज येतो. असा आवाज आला तर दोष हवेच्या पाइपचा किंवा भरलेल्या खड्ड्याचा, ट्रॅपचा नाही.

आता कमोड. एस ट्रॅपचा कमोड खाली जमिनीत जातो, पी ट्रॅपचा मागं भिंतीतून बाहेर पडतो. कोकणातल्या उंच जोत्याच्या घरात, बाथरूम बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर मी पी ट्रॅपच सुचवतो. जमीन फोडावी लागत नाही, पाइप बाहेरून दिसतो, आणि तुंबलं तर बाहेरच उघडता येतो. त्याच्या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८ सेंटिमीटरवर येतो. एस ट्रॅपला भिंतीपासूनचं अंतर ९ इंच किंवा १२ इंच असतं, आणि ते मोजायचं टाइल बसल्यावरच्या भिंतीपासून. कच्च्या भिंतीपासून मोजलं तर प्लास्टर आणि टाइल मिळून तीन-चार सेंटिमीटर खातात, आणि मग कमोड भिंतीला तरी घासतो नाहीतर पाइपावर बसत नाही. म्हणून कमोड आधी विकत आणा, पाइप नंतर टाका. टाइल्सच्या दुकानात त्याच्याही नंतर जा.

येणारं पाणी: आधी ओळख करून घ्या

एक पांढरी बादली विहिरीच्या पाण्यानं भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस साका दिसला तर पाण्यात लोह आहे. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की पांढऱ्या भांड्यांवर, कमोडवर डाग पडायला लागतात. जांभ्यातलं पाणी बहुतेक वेळा थोडं आम्लही असतं, ते धातू खातं. खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. खारट पाण्यानं नळाचा चकचकीत मुलामा फुगून सोलवटतो आणि गीझरची टाकी आतून कुरतडली जाते. नक्की आकडे हवे असतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. नमुना मे महिन्यातला द्या, ऑगस्टमधलं पाणी सगळ्यांचंच गोड असतं.

यावरून सामान ठरवायचं. लोखंडी जी.आय. पाइप किनाऱ्यावर नकोच. बाहेरून खारा वारा आणि आतून आम्ल पाणी, दोन्हीकडून गंजतो. नळ भरीव पितळेचे घ्या, हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. पांढऱ्या धातूवर मुलामा दिलेले हलके नळ दोन-तीन पावसाळ्यांत जातात. पाणी फारच खारं असेल तर प्लास्टिकचे पी.टी.एम.टी. नळ लावा. दिसायला साधे असतात, पण परसातल्या नळाला आणि पाहुण्यांच्या बाथरूमला त्यांच्यासारखा टिकाऊ दुसरा नाही. शॉवर घ्यायचाच तर रबरी भोकांचा, अंगठ्यानं चोळलं की क्षार निघून जातो. स्क्रू, बिजागऱ्या, टॉवेलची दांडी या बारीकसारीक गोष्टी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर बघा. समुद्राच्या वाऱ्यात ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात.

लोह बरंच असेल तर टाकीत पाणी वरून फवाऱ्यासारखं पडू द्या आणि पुढं वाळूची गाळणी बसवा. हवा लागली की लोह गढूळ होतं आणि वाळूत अडकतं.

टाकी आणि दाब

शहरातल्या फ्लॅटमधून आलेल्या माणसाला हा भाग लक्षात येत नाही. तिथं टाकी चौथ्या-सातव्या मजल्यावर असते. इथं कौलारू घराला स्लॅबच नसतो, टाकी परसात चिऱ्याच्या चौथऱ्यावर. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलोचा (चौरस सेंटिमीटरला) दाब देतं. टाकीचा तळ शॉवरच्या वर दोन मीटर असेल तर मिळतो तो जेमतेम ०.२ किलो. त्यावर ताटाएवढा रेन शॉवर लावलात तर पाणी ठिबकेल. एक तर टाकी उंच करा, नाहीतर बूस्टर पंप लावा, नाहीतर शॉवर साधा घ्या. पंप लावलात तर त्याला बायपास ठेवा, कारण पावसात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, आणि तेव्हा निदान नळाला तरी पाणी आलं पाहिजे. माझं विचाराल तर गावच्या घरात चांगला रुंद नळ आणि मोठी बादली यात कमीपणा काही नाही.

टाकीतून निघणारा पाइप निदान एक इंची घ्या, बाथरूमच्या तोंडाशी पाऊण, आणि नळापाशी अर्धा. टाकीपासूनच अर्धा इंची ओढला तर एका नळाखाली बादली लावली की दुसरा नळ सुस्कारे टाकतो. उघड्यावरचा पांढरा पाइप उन्हानं ठिसूळ होतो, त्याला रंग मारा. आणि तो क्लॅम्पनं घट्ट बांधा, कारण माकडं त्यावर लोंबकळतात. टाकीच्या झाकणालाही कडी हवी, तेवढ्यासाठीच.

बाथरूममध्ये शिरणाऱ्या पाइपवर, हाताला येईल अशा जागी, एक स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. एक नळ बदलायला सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागू नये.

भिंतीला हात लावताना

जुनी चिऱ्याची भिंत मातीत बांधलेली आहे की सिमेंटमध्ये, ते एक चिरा उकरून बघा. मातीत असेल तर तिला खाचा मारू नका. ग्राइंडरच्या धक्क्यानं सांधे मोकळे होतात, आणि वर वाशांचं, कौलांचं वजन असतं. अशा ठिकाणी जुन्या भिंतीपुढं चार इंची विटांची अर्ध्या उंचीची भिंत उभी करा आणि पाइप त्या दोहोंच्या मधून न्या. वर आपोआप साबण-तेल ठेवायला फळी होते. किंवा पाइप भिंतीवरून उघडेच न्या. लोक नाक मुरडतात, पण गळती लागली तर पाच मिनिटांत सापडते. चिरा पाणी पितो, त्यामुळे भिंतीतल्या पाइपची गळती तिथं दिसत नाही. ओल तिसरीकडेच, कधी माजघराच्या कोपऱ्यात दिसते, आणि मग शोधाशोध.

सिमेंटमधली भिंत असेल तर ग्राइंडरनं दोन समांतर रेषा मारून मधलं छिन्नीनं काढायचं. खाच उभी, जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नाही. आडव्या खाचा कमीत कमी. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, प्लंबर कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी.

खाचा मारायच्या आधी खडूनं सगळे पॉइंट भिंतीवर काढा, आणि हे घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना उभं करून करा, नुसतं नकाशावरून नको. घरातली सगळ्यांत मोठी बादली नळाच्या जागी ठेवून बघा, तिच्यावर वीतभर जागा राहिली पाहिजे. शॉवर फरशीपासून सुमारे दोन मीटरवर, बेसिनची कड ८० ते ८५ सेंटिमीटरवर. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. हेल्थ फॉसेट, म्हणजे कमोडशेजारचा हातात धरायचा फवारा, बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला. कमोडशेजारी धरायची दांडी आज नको असेल, तरी उद्या लागणार म्हणून तिथं भिंत भरीव ठेवा. आणि एक नळ बाहेर, मागच्या दाराशी, गुडघ्याच्या उंचीवर. पावसात शेतातून, आगरातून चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्या माणसाला आत येऊन पाय धुवायला लावू नका. नव्या ट्रॅपमध्ये आठवड्यात घमेलंभर माती जमते.

जोडणी

बाथरूमच्या आत गरम आणि थंड दोन्हीला फिकट पिवळा सी.पी.व्ही.सी. पाइप वापरा, आय.एस. १५७७८ छापलेला. पांढरा यू.पी.व्ही.सी. फक्त थंड पाण्याला चालतो, टाकीपासून बाथरूमपर्यंत तो ठीक. आत दोन वेगळे टाकून वाचतात ते पैसे फार नसतात, आणि गीझरकडून गरम पाणी उलटं शिरलं तर पांढरा पाइप नरम पडतो. दोघांचं सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्राव, वेगळं असतं, डबा वाचून घ्या.

एकदा तरी जोड होताना जवळ बसून बघा. पाइप कटरनं सरळ कापला पाहिजे. करवतीनं कापला तर कड तिरपी येते आणि आत भुसा राहतो, तोच पुढं जाऊन नळाच्या जाळीत अडकतो. कापलेली कड आतून-बाहेरून पात्यानं साफ करायची, फडक्यानं कोरडी पुसायची. मग पाइपला आणि फिटिंगला आतून पातळ सोल्युशन, पाइप तळापर्यंत दाबायचा, आत गेल्यावर पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट तसाच घट्ट धरायचा. सोडला की तो किंचित मागं सरकतो, म्हणून धरायचा. जोडाभोवती सोल्युशनची बारीक सारखी कड दिसली तर जोड चांगला. घाईतला प्लंबर हे धरणंच गाळतो, आणि बहुतेक गळत्या तिथल्याच असतात.

नळ जिथं बसणार त्या एल्बोला आतून पितळेचा आटा हवा, नुसता प्लास्टिकचा आटा नळ आवळताना चिरतो. आट्याला टेफ्लॉन टेप गुंडाळा. सुतळी-सफेदा लोखंडी पाइपसाठी ठीक होतं, इथं सुतळी फुगून फिटिंग फोडते. आणि एल्बोचं तोंड तयार टाइलच्या बरोबरीत येईल असा बसवा, आत गेलं तर एक्स्टेन्शन लावावं लागतं आणि गळायला एक जागा वाढते. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) असेल तर त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर खोलीची खूण असते, टाइल त्या खुणेच्या आतच आली पाहिजे.

शेवटच्या जोडानंतर २४ तास हात लावू नका. मग सगळे पॉइंट प्लगनं बंद करून, गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सरच्या दोन तोंडांना नळी जोडून गरम-थंड एक करून, हातपंपानं ७ ते १० किलो दाब चढवा आणि काटा कुठं आहे ते लिहून ठेवा. निदान दोन तास, जमल्यास रात्रभर. काटा उतरला तर जोड शोधायचा. "हवा असेल" हे उत्तर ऐकून घेऊ नका. प्लंबरकडे हातपंप नसेल तर तो तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे भाड्यानं मिळतो का विचारा. काटा हलला नाही की भिंतीला मेजर टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढं आरसा लावायला भोक मारताना हा फोटोच कामाला येतो.

फरशीपर्यंत

भिंत लिंपताना खाचांवर जाळी मारून घ्या, नाहीतर प्लास्टरला त्याच रेषेत भेग जाते. वॉटरप्रूफिंग जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. पाइप जमिनीतून जिथं वर येतो तिथली फट आणि ट्रॅपची कड यांवर खास लक्ष द्या. ट्रॅप बंद करून दोन बोटं पाणी ४८ तास भरून ठेवा, पातळीची खूण भिंतीवर करा. फरशीला मीटरला दीड सेंटिमीटर उतार ट्रॅपकडे, आणि बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा बोटभर खाली. सांधे एपॉक्सीनं भरा. लोहाच्या पाण्यात साधे पांढरे सांधे एका पावसाळ्यात तांबडे होतात.

गीझर. गॅसचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. बंद बाथरूममध्ये त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्याला ना रंग ना वास, कळेपर्यंत माणूस पडलेला असतो. यात तडजोड नाही. विजेच्या गीझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग हवं. गावात व्होल्टेज कमी मिळत असेल तर तीन किलोवॅटच्या इन्स्टंटपेक्षा दोन किलोवॅटचा साठवणीचा बरा. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड बंद करू नका, ठिबकतो म्हणून प्लग मारणारे महाभाग आहेत. खाऱ्या-आम्ल पाण्यात आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षाला बदलावा लागू शकतो. तो संपला की टाकीची पाळी येते. आणि परसातला तांब्याचा बंब मोडीत काढू नका. ऑगस्टमध्ये दोन दिवस लाइट नसते तेव्हा पंचवीस माणसांच्या आंघोळी त्याच्यावरच होतात.

पैसे, डाग आणि कुलूप

प्लंबर मजुरी पॉइंटवर घेतो किंवा पूर्ण बाथरूमचा ठेका. पॉइंट म्हणजे काय काय धरणार हे आधी कागदावर घ्या, मिक्सर एक पॉइंट की दोन यावरून शेवटी वाद होतात. सामान तुम्हीच आणा आणि बिलं ठेवा. शेवटचा हप्ता सगळे नळ एकदम उघडून, फ्लश चार-पाच वेळा करून, बाहेरची चेंबरं स्वतः उघडून बघितल्यावर.

तांबूस डाग पडले तर ब्लीच नको, त्यानं लोहाचा डाग पक्का होतो. लिंबूफूल पाण्यात विरघळवून लावा, अर्धा तास ठेवा, घासा. ॲसिड ओतून कमोड धुवायची सवय असेल तर सोडा, टँकमधले जीवाणू मरतात आणि टँक नुसता साठवणीचा हौद होतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू होतो.

मुंबईला परतताना घर तीन-चार महिने बंद राहणार असेल तर टाकीचा आणि बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइप रिकामे करा, गीझरचा आणि पंपाचा स्विच बोर्डावरूनच पाडा. ट्रॅपातलं पाणी उन्हाळ्यात आटून जातं आणि वासासकट झुरळं घरभर होतात, म्हणून प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे खोबरेल तेल सोडा, तेलाच्या थरानं पाणी बरेच दिवस उडत नाही. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा दुसरं कुठलंही गोडं तेल चालेल. कमोडमध्येही तसंच, आणि झाकण पाडून वर वजन ठेवा. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेलच. महिन्यातून एकदा ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये अर्धी बादली पाणी ओतायला सांगा, आणि कुठला व्हॉल्व्ह कशाचा ते त्यांना जाण्याआधी दाखवून द्या.